‘जमणार नाही’ सांगणारा अधिकारी

बाजाराला, दवाखान्याला आपण नांदगावहून मालेगावला जातो. तिथला भुईकोट किल्ला नारोशंकर राजेबहाद्दरांनी बांधलेला. १८१८ साली पेशवाई बुडाली, तेव्हा आत अरब शिपाई ठाण मांडून होते आणि बाहेर इंग्रजांचा वेढा होता.

२९ मे रोजी इंग्रजांनी तोफांनी पाडलेल्या खिंडारावर हल्ला केला. पुढे होता नाटेस, इंजिनिअर पथकातला तरुण अधिकारी. गोळ्या झेलत तो वर चढला आणि ‘जमणार नाही’ एवढं सांगून कोसळला, असं सांगतात. हल्ला फसला. किल्ला पडला तो जूनमध्ये, आतलं दारूगोळ्याचं कोठार उडाल्यावर.

फौज परकी होती, आपली नव्हे. पण जे दिसलं ते खरं सांगायलाही हिंमत लागते. वाईट एवढंच, की ते कळेपर्यंत माणसं मरणाच्या तोंडी गेली होती.

आपल्या गटात कर्जाची चर्चा चालते. एखादी ताई हळूच म्हणते, ‘एवढा हप्ता झेपणार नाही.’ तिला घाबरट म्हणू नका. अंगठा उठवण्याआधी, सही करण्याआधी तिचं ऐका. हिशेब पुन्हा मांडा.