त्रास न देणारा रुग्ण
(जागतिक अल्झायमर दिनानिमित्त २१ सप्टेंबर रोजी रुग्णालयाच्या सभागृहात व्यवस्थापनाच्या वतीने केलेले भाषण)



स्मृतिभ्रंशाच्या रुग्णास घेऊन येणारी कुटुंबे बहुधा विसराळूपणा, रात्रीचे जागरण, संशय, घरातून निघून जाणे अशा तक्रारी सांगतात. एखादे कुटुंब मात्र म्हणते, "आजोबांचा काही त्रास नाही हो, बसवले तेथे बसून असतात." आज आम्हांस बोलावयाचे आहे ते या आजोबांविषयी.

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार आपल्या देशात साठीपुढील सुमारे ८८ लक्ष व्यक्तींना स्मृतिभ्रंश आहे. त्यांच्यापैकी पुष्कळांत औदासीन्य आढळते. कामास हात घालण्याची प्रेरणा देणारे मेंदूच्या पुढील भागातील मार्ग क्षीण होतात आणि येणारे कामही सुरू होत नाही. त्यास आळस वा हट्ट म्हणणे अन्यायाचे होय. नैराश्याहूनही ते वेगळे आहे. निराश मनुष्य दुःखी असतो; उदासीन मनुष्यास सुखदुःखाचीच फारशी ओढ राहत नाही. दोन्ही एकत्र असू शकतात, म्हणून निदान डॉक्टरांकडूनच करून घ्यावे. ऐकू न येणे, अंगदुखी, थायरॉइडचा विकार, गुंगी आणणारी औषधे, हीही कारणे आधी पाहावी लागतात.

"एखादी गोळी नाही का?" हा प्रश्न येतोच. मिथिलफेनिडेट या औषधाने अल्झायमरच्या रुग्णांतील औदासीन्य काही प्रमाणात उणावल्याचे अमेरिकेतील एका चाचणीत २०२१ साली दिसले. परंतु त्याचा निर्णय तज्ज्ञांचा. आपल्या हाती आहे तो सहवास.

आमच्या कक्षातील एका वृद्ध दुकानदारांस "आज काय करू या?" असे विचारले की उत्तर येत नसे. आमच्या मावशींनी एके दिवशी वाटीभर सुटी नाणी त्यांच्यापुढे ठेवली, पहिली चार स्वतः रचली आणि पाचवे त्यांच्या हातात दिले. पुढची चवड त्यांनी लावली. दुसऱ्या दिवशी आरंभ पुन्हा मावशींनाच करावा लागला, आणि तिसऱ्या दिवशीही. हे असेच चालते. आरंभ आपण करून द्यावयाचा, रोज.

अमेरिकेत लॉरा गिटलिन यांनी रुग्णाची आवड व उरलेली क्षमता पाहून घरच्या घरी कामे आखून देण्याची पद्धत विकसित केली. इंग्लंडमध्ये एमी स्पेक्टर व सहकाऱ्यांनी लहान गटासाठी सात आठवड्यांतील १४ बैठकींचा क्रम घालून दिला. आपल्या घरांत त्यासाठी साहित्य विकत आणावे लागत नाही. मेथी निवडणे, वाती वळणे, शेंगा सोलणे, धुतलेल्या पंचांच्या घड्या घालणे पुरे. ज्यांनी आयुष्यात कधी भाजी निवडली नाही अशा गृहस्थांपुढे मात्र मेथीची जुडी ठेवू नये! प्रश्न मोकळा विचारू नये, "निळा सदरा की पांढरा?" असा विचारावा. वीस मिनिटे पुष्कळ झाली. घडी वाकडी पडली तर ती त्यांच्यादेखत पुन्हा घालू नये. नको म्हणाले तर सोडून द्यावे, संध्याकाळी पुन्हा पाहावे. आणि मायेपोटी सर्व गुंड्या आपणच लावू नयेत, शेवटची त्यांच्यासाठी ठेवावी.

आता थोडे हिशेबाचे. आम्ही वाणिज्य शाखेचे, तेव्हा ते ओघानेच येते. औषधाचे बिल होते, तपासणीचे बिल होते. मावशींच्या त्या वीस मिनिटांना आमच्या खतावणीत खाते नाही. कक्षात मनुष्यबळ अपुरे पडले की सर्वप्रथम कपात होते ती याच वेळेत, कारण शांत बसलेला रुग्ण घंटा वाजवीत नाही. यंत्रासाठी देणगी देणाऱ्यांचे आम्ही ऋणी आहोत, यंत्रावर नावाची पाटीही लागते. वीस मिनिटांवर पाटी कोठे लावावी, हे आम्हांस अद्याप सुचलेले नाही.

म्हणून विश्वस्त मंडळास विनंती, की येत्या अंदाजपत्रकात वृद्ध कक्षासाठी दोन सेविकांचे वेतन स्वतंत्र शीर्षाखाली मंजूर व्हावे व ते अन्य कक्षांकडे वळविले जाऊ नये. नातेवाइकांनी पुढील भेटीस येताना रुग्णाच्या रोजच्या हाताळण्यातील एक वस्तू घरून आणावी. कातरीसारखी धारदार वस्तू असल्यास ती प्रथम मुख्य परिचारिकांकडे द्यावी.