हिरवळीवरील दोन दिवस
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत केलेले भाषण)



या व्याख्यानमालेत आमच्यापूर्वीच्या वक्त्यांनी संतवाङ्मय, नाट्यसंगीत आणि बंगाल-महाराष्ट्राचा ऋणानुबंध अशा भारदस्त विषयांवर विवेचन केले. त्यांच्या पंगतीत गोल्फसारखा विषय घेऊन बसण्याचे धाडस आम्ही चिटणीसांच्या आग्रहावरून करीत आहोत. ‘आम्ही’ म्हणजे या मंडळाचे तीन सभासद. नोकरीनिमित्त कोलकात्यास आलो, येथेच निवृत्त झालो आणि उतारवयात या खेळाच्या नादी लागलो. चौथा गडी आमचे एक बंगाली स्नेही. त्यांच्याच कृपेने गेल्या पौषात दोन दिवस पाहुणे म्हणून खेळण्याचा योग आला. शनिवारी रॉयल कलकत्ता गोल्फ क्लबच्या मैदानावर आणि रविवारी शेजारच्या टॉलीगंज क्लबमध्ये.

हा खेळ ज्यांच्या परिचयाचा नाही, त्यांच्यासाठी दोन शब्द. चेंडू जेमतेम शेहेचाळीस ग्रॅमचा, ज्या खळग्यात तो घालायचा त्याचा व्यास सव्वाचार इंच, आणि असे अठरा खळगे काही मैलांच्या चालीत विखुरलेले. पिशवीत जास्तीत जास्त चौदा काठ्या बाळगता येतात. क्रिकेटमध्ये धावा जितक्या अधिक तितके श्रेय. येथे फटके जितके कमी तितके यश. त्यामुळे आमच्या सौभाग्यवतींना हा खेळ प्रथमपासूनच संशयास्पद वाटतो. इतके चालून, इतके खर्चून, शेवटी आकडा कमी आला म्हणून आनंद मानायचा, हे कोणत्या हिशेबात बसते, असा त्यांचा सवाल आहे.

रॉयल कलकत्ता हा ब्रिटिश बेटांबाहेरचा सर्वांत जुना गोल्फ क्लब. त्याची स्थापना १८२९ सालची. आरंभी तो दमदमला होता, नंतर मैदानावर आला आणि विसाव्या शतकाच्या आरंभी टॉलीगंजच्या बाजूस स्थिरावला. घरापासून हजारो मैल दूर आलेल्या माणसांनी दलदलीच्या मुलखात आपल्या गावचा खेळ रुजविला. स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरची वाळू, टेकाडे आणि वारा यांवर वाढलेला हा खेळ येथे सपाट जमिनीवर, तळ्यांच्या काठाने खेळावा लागला. घराच्या ओढीने माणसे काय काय करतात, हे आपल्या मंडळाला वेगळे सांगावयास नको. आपणही पन्नास वर्षांपूर्वी गणपतीसाठी शाडूची माती शोधत कुमारटुलीच्या गल्ल्यांतून हिंडलोच होतो.

शनिवारी सकाळी धुके इतके दाट होते की पहिला चेंडू कोठे गेला हे केवळ आवाजावरून ओळखावे लागले. गवत दवाने भिजलेले, त्यामुळे चेंडू पडला की तेथेच बसे. घरंगळत पुढे जाण्याचे नाव नाही. ऊन वर आल्यावर तळी दिसू लागली. या मैदानावर डोंगर नाहीत, दऱ्या नाहीत; खेळाडूची परीक्षा घ्यावयास पाणी पुरेसे आहे. मध्यान्हापर्यंत आम्हा तिघांचे मिळून सात चेंडू जलसमाधी पावले. तेव्हा आमचे बंगाली स्नेही गंभीरपणे म्हणाले, “दादा, आमच्या पूर्वजांनी खंदक खणला तो वाया गेला नाही म्हणायचा!”

या थट्टेला इतिहासाचा आधार आहे. १७४२ साली नागपूरकर भोसल्यांच्या घोडदळाच्या धास्तीने कलकत्त्याच्या रहिवाशांनी शहराभोवती खंदक खणावयास घेतला. ‘मराठा खंदक’ याच नावाने तो ओळखला गेला. मराठे शहरापर्यंत पोहोचले नाहीत, खंदकही पुरा झाला नाही, आणि पुढे तो बुजवून त्यावर रस्ता झाला. बंगाली घरांतून बर्गीचे भय अंगाईगीतांत उरले. आज त्याच बर्ग्यांचे वंशज बंगाली यजमानाचे पाहुणे होऊन पाण्यात चेंडू घालवीत होते, आणि यजमान आपल्या पिशवीतील चेंडू काढून देत होते.

या खेळात ‘हँडिकॅप’ म्हणून एक व्यवस्था आहे. खेळाडूच्या कुवतीप्रमाणे त्याला फटक्यांची सूट मिळते, म्हणजे कच्चा आणि पक्का गडी एकाच डावात बरोबरीने उतरू शकतो. आमच्या स्नेह्यांची सूट नऊ, तर आमच्यातील ज्येष्ठांची चोवीस. स्नेह्यांनी ब्याऐंशी फटक्यांत फेरी संपविली. सूट वजा जाता त्र्याहत्तर. ज्येष्ठांना शहाण्णव फटके लागले. सूट वजा जाता बहात्तर. एका फटक्याने विजय आमच्याकडे आला. त्या विजयाचे श्रेय मात्र ज्येष्ठांच्या कॅडीचे. शेवटच्या ग्रीनवर ते गुडघ्यावर बसले, गवताचा कल पाहिला आणि म्हणाले, “बाबू, खळग्याकडे पाहू नका. डावीकडे दोन बोटे सोडून मारा.” डोळ्यांना जमीन सपाट दिसत होती. ज्येष्ठांनी विश्वासाने दोन बोटे सोडली. चेंडू वळला आणि आत पडला. तीस वर्षे त्याच जमिनीवर चाललेल्या माणसाचे ते ज्ञान होते.

रविवारचे टॉलीगंज अधिक वत्सल. जुनी झाडे, निवांत वाटा, आणि सायंकाळी झुडुपांतून निर्धास्तपणे बाहेर येणारे कोल्हे. क्लब १८९५ चा; पण जमिनीची कहाणी त्याहून जुनी. १७९९ साली श्रीरंगपट्टण पडल्यावर टिपू सुलतानाच्या कुटुंबास वेल्लोरला ठेवण्यात आले, आणि तेथील १८०६ च्या उठावानंतर कलकत्त्यास पाठविण्यात आले. या परिसरात त्यांची वस्ती झाली. क्लबची भूमीही एके काळी त्या घराण्याकडे होती. कावेरीकाठचे राजपुत्र, स्कॉटलंडचे व्यापारी, वऱ्हाड-खानदेशातून आलेले आम्ही, सगळेच परगावचे. एका झाडाखाली थर्मासमधील चहा घेताना हा विचार मनात आला आणि तो आजतागायत गेलेला नाही.

परगावी आलेल्यांनी उभारलेल्या संस्था टिकतात कशा? या प्रश्नाचे उत्तर आम्हांस त्या दोन दिवसांत मिळाले असे वाटते. ज्यांनी रॉयल कलकत्ता स्थापन केला, ते परत गेले. शंभरांहून अधिक वर्षे भारतीयांना तेथे सभासदत्व नव्हते. स्वातंत्र्याच्या सुमारास ते दार उघडले. १९६५ साली याच मैदानावर पी. जी. सेठी यांनी इंडियन ओपन जिंकले. ती स्पर्धा जिंकणारे ते पहिले भारतीय, आणि तेही हौशी खेळाडू. तरीही मैदानावर पिशवी वाहणाऱ्यांसाठी दार अर्धेच उघडे होते. अनेक क्लबांत कॅडींना खेळावयास आठवड्यातून एखादा दिवस मिळे. १९९१ साली दिल्लीत अली शेर इंडियन ओपन जिंकले. ते मूळचे कॅडी. आणि रॉयल कलकत्ताच्या मैदानाची निगा राखणाऱ्या माळ्याचा मुलगा, शिव शंकर प्रसाद चौरसिया, कॅडी म्हणून काम करीत खेळ शिकला. २००८ साली त्याने दिल्लीत इंडियन मास्टर्स ही युरोपीय मालिकेतील स्पर्धा जिंकली. पुढे २०१६ आणि २०१७ अशी लागोपाठ दोन वर्षे इंडियन ओपनही त्याच्याच नावावर लागले. लांब फटक्यांसाठी त्याची ख्याती नाही. खळग्याजवळच्या नाजूक खेळात तो वाकबगार. आमच्या कॅडींजवळ त्याचे नाव काढले, तेव्हा घरच्या मुलाविषयी बोलावे तसे ते बोलू लागले.

स्थापना करणाऱ्यांच्या आठवणींवर त्या मैदानाने बरीच वर्षे काढली असतील. पण त्याचे नाव आज जगात ज्यांच्यामुळे घेतले जाते, त्यांत त्याच अंगणात वाढलेला माळ्याचा मुलगा आहे.

बंधुभगिनींनो, आपल्या सभासदत्वाच्या अर्जावर ‘मातृभाषा’ असा रकाना आहे आणि त्यात ‘मराठी’ लिहिल्यावाचून अर्ज पुढे सरकत नाही. पन्नास वर्षांपूर्वी त्याची गरज होती. तेव्हा आपण मूठभर होतो आणि आपली बोली ऐकावयास कान आसुसलेले होते. आज आपले जावई बंगाली आहेत, सुना मारवाडी आणि ओडिया आहेत. या वास्तूची देखभाल करणाऱ्या कुटुंबातील दोन मुली लेझीम खेळतात, आरत्या तोंडपाठ म्हणतात, आणि आपल्या नातवंडांचे उच्चार सुधारतात. उत्सवाच्या मांडवात त्या सर्वांच्या आधी येतात. सभासदांच्या यादीत मात्र त्यांना जागा नाही. मराठी त्यांना जन्माने मिळालेली नाही, अंगणाने मिळाली आहे.

येत्या वार्षिक सभेत हा रकाना बदलावा असा ठराव आम्ही तिघे मांडणार आहोत. ‘मातृभाषा’ऐवजी ‘मराठी शिकण्याची व जपण्याची इच्छा’ एवढे पुरेसे व्हावे. काहींना यात मंडळाचे मराठीपण पातळ होण्याची भीती वाटते. ती अनाठायी नाही. तिच्यामागे भाषेवरचे प्रेम आहे. त्यांना आमची विनंती एवढीच की, गोल्फसारख्या साहेबी खेळानेही कच्च्या गड्याला चोवीस फटक्यांची सूट देऊन डावात घेतले आणि त्यामुळे खेळाचे नियम सैल झाले नाहीत. व्याकरणात चुकणाऱ्या, पण मनापासून बोलणाऱ्या मुलांना आपणही थोडी सूट देऊ या. पुढील पन्नास वर्षांचा डाव त्यांनाच खेळावयाचा आहे.

ठरावाच्या दिवशी सर्वांनी अगत्य यावे.