अजिनोमोटो म्हणजे काय?



छत्रपती संभाजीनगरच्या बाजाराला आपण जातो. संध्याकाळी तिथे चायनीजच्या हातगाड्या लागतात. गाडीवाला कढईत चिमूटभर पांढरी पूड टाकतो. तिला सगळे अजिनोमोटो म्हणतात. कोणी म्हणतो, ते विष आहे. कोणी म्हणतो, त्याशिवाय चवच नाही. खरे काय, ते आज आम्ही सांगतो.

जपानात किकुनाए इकेडा नावाचे शास्त्रज्ञ होते. समुद्रातल्या एका शेवाळाचे सार तिथे रोजच्या जेवणात असते. त्याला एवढी रुची कशाने येते, हे त्यांनी शोधले. १९०८ साली त्यांना त्या सारात ग्लुटामिक आम्ल सापडले. त्याला सोडियमची जोड दिली, की मिठासारखे पांढरे खडे होतात. शास्त्रात त्याला मोनोसोडियम ग्लुटामेट म्हणतात. १९०९ साली ते अजिनोमोटो या नावाने विकायला आले.

आज ते उसाच्या मळीपासूनही करतात. आपण दुधाला विरजण लावतो ना, तसे मळीत सूक्ष्म जंतू सोडतात. ते साखर खाऊन हे आम्ल तयार करतात.

ग्लुटामेट आपल्याला नवे नाही. पिकल्या टोमॅटोत ते असते. आईच्या दुधातही असते. तेव्हा ही पूड विष नव्हे. बेताने खाल्ली तर बहुतेकांना बाधत नाही. एकदम फार खाल्ल्यास काहींचे डोके दुखते. त्यांनी ती टाळावी.

मात्र तीन गोष्टी ध्यानात ठेवा. एक, १०० ग्रॅम मिठात ३९ ग्रॅम सोडियम असते, या पुडीत १२ ग्रॅम. पण कढईत पुडीबरोबर मीठ आणि सॉसही पडतो. रक्तदाब असलेल्याने जपून खावे. दोन, पुडीने चव वाढते, शिळे अन्न ताजे होत नाही. तीन, बारा महिन्यांच्या आतल्या बाळाला पूड घातलेले खाणे देऊ नये.

पाकिटातल्या खाऊतही ही पूड असू शकते. पाकिटावरची अक्षरे पुष्कळदा इंग्रजी असतात. पण या पुडीला एक नंबर आहे, ६२१. हा आकडा इंग्रजीत कसा लिहितात, ते वर्गात गुरुजींकडून पाटीवर गिरवून घ्या. मग दुकानात पाकीट उलटे करून मागची बारीक अक्षरे पाहा. ६२१ दिसला, की पूड आहे हे समजा.

दुकानदाराला विचारायची गरज नाही. आता आपल्याला वाचता येते. लेकराच्या हाती पाकीट देण्याआधी ते आपण वाचावे.