फिर्यादी कोण?

‘फिर्यादी’ हा शब्द फारसीतून मराठीत आला. फिर्याद म्हणजे साहाय्यासाठी फोडलेला टाहो. मराठेशाहीच्या निवाड्यांत दावा मांडणारास ‘अग्रवादी’ व प्रतिपक्षास ‘पश्चिमवादी’ म्हणत. आज दिवाणी न्यायालयात ‘वादी’ राहिला. ‘फिर्यादी’ फौजदारीकडे गेला.

हा भेद केवळ भाषेचा नाही. वादी आपल्या दाव्याचा धनी असतो. तो दावा चालवितो, तडजोड करतो. पोलीस ठाण्याच्या कागदावर जो फिर्यादी, तो मात्र खटला उभा राहताच साक्षीदार होतो. शीर्षक पडते ‘महाराष्ट्र शासन विरुद्ध अमुक’.

या व्यवस्थेमागे तत्त्व आहे. गुन्हा समाजाविरुद्ध घडतो, म्हणून खटल्याचा भार शासनाने वाहावयाचा. शेतमजूर स्त्रीने जमीनदाराविरुद्ध पदरमोड करून वकील द्यावा, असे म्हणणे म्हणजे तिला न्याय नाकारणेच होय. परंतु शासन जिच्या वतीने उभे राहते, तिला ते उत्तरदायीही असले पाहिजे.

कायद्याने हे सावकाश मान्य केले. निर्दोष सुटकेविरुद्ध अपील करण्याचा हक्क पीडितास 2009 च्या दुरुस्तीने मिळाला. दखलपात्र गुन्ह्याची खबर नोंदविणे पोलिसांस बंधनकारक आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये ललिता कुमारी प्रकरणात दिला. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार खबरीची प्रत विनामूल्य द्यावी लागते आणि तपासाची प्रगती 90 दिवसांत कळवावी लागते.

तथापि हक्काला किंमत पडते. प्रत्येक तारखेस मजुराचा रोज बुडतो. आरोपी पुष्कळदा त्याच गावचा, कधी कामावर ठेवणारा मालकच असतो. अशा स्थितीत साक्षीदार ‘फितूर’ झाला, तर त्याच्या सचोटीला बोल लावण्यापूर्वी त्याच्या चुलीकडे पाहिले पाहिजे.

येथेच कार्यकर्त्याचे काम सुरू होते. फिर्यादीसोबत ठाण्यात जावे. लिहिलेला मजकूर सहीपूर्वी वाचून दाखवावयास लावावा, प्रत मागून घ्यावी. नोंद नाकारल्यास पोलीस अधीक्षकांस लेखी अर्ज टपालाने पाठवावा. तेथेही दाद न लागल्यास दंडाधिकाऱ्याकडे जावे. तारखेच्या दिवसाचा बुडालेला रोज वर्गणीतून भरून द्यावा. टाहो एकट्याचा असतो. तो निकालापर्यंत टिकविणे हे संघटनेचे कर्तव्य आहे.