रोज एकच राजवाडा



फ्रान्सला जाणारा आपला माणूस बहुधा पॅरिस पाहून परततो. आयफेल टॉवर, लूव्रचं संग्रहालय, सेन नदीतली बोटीची फेरी, की झाला फ्रान्स! ज्यांच्या हाती पाच-सहा दिवस जास्तीचे असतील, त्यांना मी ल्वार नदीचं खोरं सुचवतो. पॅरिसच्या नैर्ऋत्येला, वेगवान आगगाडीनं साधारण सव्वा तासावर तूर नावाचं शहर आहे. माझी मुलगी पॅरिसला नोकरी करते. तिनं तिकिटं काढून दिली आणि एका जूनमध्ये मी तिथं सहा दिवस राहून आलो. तिथल्या सहली कशा आखाव्यात, हे आज सांगायचं आहे.

ल्वार ही फ्रान्समधली सर्वांत लांब नदी. हजार किलोमीटरहून थोडी अधिक. उन्हाळ्यात पाणी उतरतं, पात्रात वाळूची बेटं उघडी पडतात आणि त्यांवर पक्षी येऊन बसतात. पंधराव्या शतकात पॅरिस इंग्रजांच्या ताब्यात गेलं, तेव्हा फ्रान्सचा राजदरबार या नदीकाठी आला. पॅरिस परत मिळालं तरी राजांचा पाय पुढं शंभरेक वर्षं इथून निघाला नाही. त्यांनी, त्यांच्या राण्यांनी, खजिनदारांनी इथं राजवाडे बांधले. तिकडं त्यांना ‘शातो’ म्हणतात. सुलीपासून शालोनपर्यंतचा २८० किलोमीटरचा हा पट्टा २००० सालापासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे.

आता आखणी. पहिली गोष्ट, मुक्काम एकच ठेवा. रोज बॅगा भरायच्या आणि रोज सोडायच्या, यात निम्मी सहल संपते. तूरहून चहूकडे लोकल गाड्या जातात. सकाळी निघावं, संध्याकाळी परतावं. दुसरी गोष्ट, रोज एकच राजवाडा. पर्यटन कंपन्यांच्या बसगाड्या दिवसाला तीन-तीन वाडे दाखवतात. मग रात्री आठवायला बसलं, की याचा जिना त्याच्या दिवाणखान्याला लागतो आणि सगळ्याच राण्यांचा चेहरा एक होऊन जातो. तिसरी गोष्ट, जेवणाची. गावांतल्या खानावळी बारा ते दोनच्या आसपासच जेवण वाढतात. अडीच वाजता गेलात तर कॉफीवर भागवावं लागेल. ‘रियेत’ नावाचा पदार्थ इथं पावाबरोबर सर्रास मिळतो. तो बहुधा डुकराच्या मांसाचा असतो. ज्यांना चालत नाही त्यांनी आधी विचारावं. बकरीच्या दुधाचं, मधोमध काडी घातलेलं लांबट चीज मात्र कुणीही खावं. चीज आणि ताजा पाव, माझी दुपार त्यावर निभली.

पहिला दिवस तूरसाठीच ठेवा. जुन्या भागात लाकडी सांगाड्याची उंच घरं आहेत. बाल्झाक या कादंबरीकाराचा जन्म १७९९ साली याच शहरात झाला. दुपारी गावाबाहेरच्या सें-कोम मठात जावं. रोंसार हा फ्रेंच कवी १५६५पासून इथं मठाधिपती होता. १५८५ साली इथंच तो वारला आणि इथंच त्याला पुरलं. मठाचा बराचसा भाग आता पडका आहे. भोवती बाग आहे, बागेत गुलाब आहेत. कवी म्हणून माझा पहिला सलाम तिथं होता.

दुसऱ्या दिवशी व्हिलाँद्री. हे तूरपासून जेमतेम पंधरा-सतरा किलोमीटर. इथं वाड्यापेक्षा बाग मोठी. १९०६ साली कार्व्हालो नावाच्या मूळच्या स्पॅनिश डॉक्टरनं हा वाडा विकत घेतला आणि सोळाव्या शतकाच्या धर्तीची बाग पुन्हा उभी केली. कोबी, बीट, भोपळा, मिरची यांचे वाफे असे आखलेले, की वरून पाहिलं तर गालिचा अंथरल्यासारखा वाटावा. भाजीच्या मळ्याला हा मान मी दुसरीकडं पाहिला नाही.

तिसरा दिवस शनोन्सोचा. स्टेशनवर उतरलात की वाडा चालत काही मिनिटांवर. हा वाडा शेर नदीवर उभा आहे. नदीच्या काठावर नव्हे, प्रत्यक्ष नदीवर. कातरीन ब्रिसोने या खजिनदाराच्या बायकोनं नवरा युद्धावर असताना त्याच्या बांधकामावर देखरेख केली. पुढं दुसऱ्या हेन्री राजानं तो आपली प्रेयसी दियान द प्वातिए हिला दिला. तिनं नदीवर पूल बांधला. १५५९ साली राजा वारला आणि राणी कातरीन द मेदिसी हिनं दियानला तिथून काढलं. मग त्याच पुलावर तिनं साठ मीटर लांबीचं दालन चढवलं. एकीनं पूल बांधला, दुसरीनं त्यावर छप्पर घातलं. सवतीमत्सराचं इतकं देखणं स्मारक जगात विरळाच असेल.

पण त्या दालनाची खरी गोष्ट पुढं आहे. पहिल्या महायुद्धात तिथं जखमी सैनिकांचं रुग्णालय होतं. नाचगाण्यासाठी बांधलेल्या दालनात खाटांच्या रांगा लागल्या आणि दोन हजारांवर जखमींवर तिथं उपचार झाले. दुसऱ्या महायुद्धात १९४० साली जर्मनांनी फ्रान्सचे दोन भाग केले, तेव्हा शेर नदी ही सरहद्द झाली. वाड्याचं पुढचं दार जर्मनांच्या ताब्यातल्या मुलखात आणि दालनाचं मागचं दार पलीकडच्या मुलखात. जीव वाचवायला निघालेली माणसं या दालनातून चालत गेली. त्या मागच्या दारापर्यंत जरूर जा. पावलं मोजा. साठ मीटर म्हणजे किती थोडं आणि किती फार, ते तिथं कळतं.

चौथ्या दिवशी शांबोर. ब्ल्वापर्यंत रेल्वे आणि तिथून हंगामात बस. १५१९ साली पहिल्या फ्रान्सिस राजानं शिकारीसाठी हा वाडा बांधायला काढला. चारशेवर खोल्या, भोवती बत्तीस किलोमीटरची भिंत. राजा आयुष्यभरात इथं काही आठवडेच राहिला. मधला जिना पाहण्यासारखा आहे. दोन गोल जिने एकमेकांभोवती चढत जातात. चढणारा आणि उतरणारा एकमेकांना पाहतात, पण भेटत नाहीत. १९३९ साली युद्धाच्या भीतीनं लूव्रमधली चित्रं हलवली, तेव्हा मोना लिसाही काही काळ याच वाड्यात होती.

पाचवा दिवस आंब्वाजचा, आणि तो शक्यतो रविवार असावा. त्या सकाळी नदीकाठी मोठा बाजार भरतो. वर कड्यावर राजवाडा. आठवा शार्ल राजा १४९८ साली इथंच दाराच्या चौकटीवर डोकं आपटून मेला, असं इतिहास सांगतो. लिओनार्दो द विंची आयुष्याची शेवटची तीन वर्षं याच गावात, फ्रान्सिस राजाच्या आश्रयाला होता. २ मे १५१९ रोजी तो वारला. वाड्याच्या आवारातल्या छोट्या देवळात त्याची समाधी दाखवतात. तिथं गर्दी असते. फोटो काढून झाले, की गर्दी जिन्याकडं वळते.

तुम्ही वळू नका. बागेतून थोडं पुढं जा. तिथं पंचवीस कबरी आहेत.

१८३० साली फ्रान्सनं अल्जेरियावर स्वारी केली. अमीर अब्दुल कादिर या तरुण सूफी आलिमानं पंधरा वर्षं त्या फौजेशी झुंज दिली. डिसेंबर १८४७मध्ये त्यानं शस्त्र खाली ठेवलं ते एका अटीवर, की आपल्याला माणसांसह अलेक्झांड्रियाला किंवा अक्काला जाऊ द्यावं. शब्द दिला गेला. पाळला गेला नाही. १८४८च्या नोव्हेंबरपासून चार वर्षं अमीर, त्याचं कुटुंब आणि सोबतचे लोक, अशी ऐंशी-शंभर माणसं या राजवाड्यात कैदेत होती. ऊबदार मुलखातली ती माणसं, ल्वारकाठचा तो ओला हिवाळा. त्यांतली पंचवीस इथंच राहिली. अमीरच्या घरातली मुलंही त्यांत आहेत. १८५२ साली लुई नेपोलियननं स्वतः येऊन अमीरला सुटकेची बातमी सांगितली. पुढं तो दमास्कसला स्थायिक झाला. १८६० साली तिथं ख्रिस्ती वस्तीवर हल्ले झाले, तेव्हा ज्या फ्रान्सनं त्याला शब्द देऊन कैदेत टाकलं, त्याच्या वकिलातीतल्या लोकांसह हजारो ख्रिस्ती माणसांना त्यानं वाचवलं. तो कवीही होता.

२००५ साली रशीद कोराइशी या अल्जेरियन कलावंतानं या जागी दगडी शिळा मांडून बाग केली. २०२२च्या फेब्रुवारीत आंब्वाज गावानं नदीकाठी अमीरचं शिल्प उभारलं. अनावरणाच्या काही तास आधी कुणीतरी त्याची मोडतोड केली. अनावरण मात्र त्याच दिवशी झालं. मोडणारे असतात, तसे ठरल्या वेळी येऊन उभे राहणारेही असतात, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

मी त्या शिळांपाशी फातेहा म्हटला. माझ्या शेजारी एक वयस्क फ्रेंच बाई उभ्या होत्या. त्यांनी एकेक शिळा सावकाश पाहिली आणि जाताना मला मान लववून नमस्कार केला. भाषा दोघांनाही एकमेकांची येत नव्हती.

उतरताना कड्याच्या पायथ्याच्या रस्त्यानं या. कडा पांढऱ्या मऊ दगडाचा आहे. इथले राजवाडे याच जातीच्या दगडाचे. खोऱ्यात ठिकठिकाणी दगड काढून पोकळ्या राहिल्या आणि त्यांत गरिबांनी घरं केली. धुराडी, दारं, खिडक्या, कुंड्या. कितीतरी घरांत अजून माणसं राहतात. वर वाडा आणि खाली ज्या खाणीतून वाडा निघाला ती खाण, दोन्ही पाहिल्याशिवाय ल्वारचं खोरं पाहिलं असं म्हणू नये.

सहावा दिवस मुद्दाम मोकळा ठेवा. पाचांतल्या ज्या जागी मन अडकलं असेल, तिथं पुन्हा जायला तो उपयोगी पडतो. मी पुन्हा आंब्वाजला गेलो. गाडीला वीस मिनिटं लागतात. मे-जून किंवा सप्टेंबरमध्ये जावं. ऑगस्टात गर्दी फार. चपला चालायच्या घ्याव्यात. आणि त्या पंचवीस कबरींसाठी घड्याळातली पंधरा मिनिटं आधीच राखून ठेवावीत, कारण तुमचा मार्गदर्शक बहुधा ती ठेवणार नाही.