पडलेल्या वाडीतील मूल



३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ दिवेआगर-श्रीवर्धनच्या किनाऱ्यावर आदळले. धान्य आले, ताडपत्र्या आल्या, पंचनामे झाले. ते साहाय्य मोलाचेच. परंतु ते काही आठवड्यांचे. वाडीचा हिशेब निराळा असतो. सुपारीचे नवे रोप फळावर येण्यास ५-६ वर्षे तरी लागतात. म्हणजे त्या वर्षी पहिलीत नाव घातलेले मूल सहावीत जाईपर्यंत घरास वाडीचे उत्पन्न नाही! कोकणातील वाडी गुंठ्यांत मोजावयाची. म्हणून पुढे नारळ-सुपारीची भरपाई झाडागणिक देण्याचे ठरले, हे योग्यच झाले. झाडे मोजली गेली. मुले मात्र आपणच मोजावयाची आहेत. घराची ओढाताण प्रथम आपल्या हजेरीपटावर उमटते. मूल आधी एक दिवस गैरहजर, मग आठवडाभर, आणि एके दिवशी कळते की, ते वडिलांबरोबर मुंबईस गेले. असे नाव पटावरून कमी करण्याची घाई नसावी. प्रथम त्या घरी जाऊन यावे. कुटुंब खरोखरच गेले असेल, तर ठिकाण विचारून घ्यावे, आणि तेथील शाळेच्या मुख्याध्यापकांस आपण होऊन पत्र लिहावे.