यंत्राने मांडलेला पूर्वपक्ष

(सहकारी संस्थांच्या संचालकांसाठी झालेल्या अभ्यासवर्गातील व्याख्यानाचे शब्दांकन)

दि. ६ ऑक्टोबर १९७३ रोजी, ज्यूंच्या योम किप्पूर या परमपवित्र उपवासाच्या दिवशी, इजिप्त आणि सिरिया यांच्या सेनांनी इस्रायलवर एकाच वेळी आक्रमण केले. या युद्धात इस्रायलचे अडीच हजारांहून अधिक सैनिक कामी आले. माहितीचा तुटवडा नव्हता. सुएझ कालव्याच्या पलीकडे चाललेली सैन्याची जमवाजमव दिसत होती. सोव्हिएत सल्लागारांची कुटुंबे घाईघाईने मायदेशी रवाना होत होती. परंतु इस्रायलच्या सैनिकी गुप्तचर विभागाच्या मनात एक गृहीतक घट्ट बसले होते: इस्रायली वायुदलाला रोखू शकणारी शस्त्रे हाती आल्यावाचून इजिप्त युद्ध करणार नाही, आणि इजिप्तवाचून सिरिया करणार नाही. दिसणारी प्रत्येक हालचाल या साच्यात बसवली गेली. कालव्यावर जे चालले आहे तो केवळ युद्धसराव, असा निष्कर्ष निघाला. दक्षिण विभागातील बिन्यामिन सिमान-तोव्ह या तरुण लेफ्टनंटाने १ आणि ३ ऑक्टोबरला लेखी अहवाल देऊन हा सराव म्हणजे युद्धाचे आवरण असू शकते, असे बजावले होते. ते अहवाल वर पोहोचलेच नाहीत.

युद्धानंतर न्यायमूर्ती अग्रनात यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग नेमला गेला. त्यानंतर गुप्तचर विभागात एक स्वतंत्र छोटी शाखा उभी राहिली. विभागाचे जे मत ठरले असेल त्याच्या नेमके उलट मत पुराव्यानिशी मांडणे, हेच तिचे काम. तिचे प्रचलित नाव तालमुदमधील एका अरामी शब्दप्रयोगावरून आले आहे. ‘उलटच संभवते’ असा त्याचा आशय.

विरोध करणे हेच कर्तव्य ठरवून देण्याची ही कल्पना भारतीय मनाला अपरिचित नाही. आपल्या शास्त्रग्रंथांची रचनाच अशी आहे की, सिद्धान्त सांगण्यापूर्वी पूर्वपक्ष मांडावा लागतो, आणि तो दुबळा करून मांडणे हे ग्रंथकाराचे न्यून समजले जाते. आद्य शंकराचार्यांच्या ब्रह्मसूत्रभाष्यात सांख्यांचा किंवा बौद्धांचा पक्ष वाचताना क्षणभर तोच खरा वाटू लागतो. राजनीतीतही हीच दृष्टी दिसते. कौटिल्याने अर्थशास्त्रात मंत्रणेचा विचार करताना मंत्र्यांची संख्याच चर्चेला घेतली आहे. एकाच मंत्र्याशी सल्लामसलत केली तर अवघड प्रश्नाचा निर्णय लागत नाही, आणि तो मंत्री निरंकुश होतो. दोघे असले तर ते एक होऊन राजाला गुंडाळतात किंवा भांडून कार्यनाश करतात. म्हणून तीन किंवा चार. त्यांनाही एकेकट्याने विचारावे आणि एकत्रही विचारावे, प्रत्येकाचे मत कारणांसह समजून घ्यावे, असे त्याचे सांगणे आहे. ‘एकेकट्याने’ हा बारकावा महत्त्वाचा आहे. सभेत पहिला वजनदार माणूस बोलला की उरलेल्यांची मते त्याच्याकडे कलू लागतात, हे संचालक मंडळांच्या बैठकांना बसलेल्या कोणालाही सांगावे लागत नाही.

आता या जुन्या व्यवस्थेला एक नवे साधन मिळाले आहे. संगणकावर संवाद साधणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची जी भाषाप्रारूपे गेल्या काही वर्षांत सर्वांच्या हाती आली, त्यांना भूमिका देता येते. ‘तू काटेकोर लेखापरीक्षक आहेस’ असे सांगितले की उत्तराचा रोख बदलतो, ‘तू धाडसी उद्योजक आहेस’ म्हटले की निराळा. २०१८ साली ओपनएआय या संस्थेतील संशोधकांनी, दोन यंत्रांनी परस्परविरोधी बाजू मांडाव्यात आणि मनुष्याने न्यायाधीश व्हावे, अशी पद्धत सुचवली होती. २०२३ साली अमेरिकेतील एमआयटी व गूगल यांच्या संशोधकांनी असे दाखवले की, एकाच प्रारूपाच्या अनेक प्रतींनी एकमेकींची उत्तरे वाचून आपले उत्तर पुन्हा तपासले तर गणितातील आणि तथ्यांतील चुका कमी होतात. प्रयोगशाळेतील निष्कर्ष व्यवहारात जसेच्या तसे उतरतात असे नव्हे. पण दिशा लक्षात घेण्याजोगी आहे.

उदाहरण म्हणून एखादी तालुक्याच्या गावची, उत्तम चाललेली पतसंस्था घ्यावी. शेजारच्या जिल्ह्यात नवी शाखा काढावी, असे अध्यक्षांच्या मनात आहे. अध्यक्ष कर्तबगार, शब्दाला मान. बैठकीत विरोध कोण करणार? वास्तविक येथे पणाला लागलेली वस्तू संचालकांची नव्हेच. केंद्रीय ठेव विमा महामंडळाचे संरक्षण बँकेतील ठेवीला असते, पतसंस्थेतील ठेवीला नसते. निवृत्त शिक्षकाने आयुष्याची पुंजी तेथे ठेवली आहे ती माणसांच्या विश्वासावर. अशा वेळी बैठकीपूर्वी सचिवाने हा प्रस्ताव यंत्रापुढे ठेवून चार भूमिकांतून त्याची झाडाझडती घ्यावी: तोच निवृत्त ठेवीदार, अनोळखी गावात वसुलीला जाणारा अधिकारी, नव्या गावातील जुन्या संस्थेचा व्यवस्थापक, आणि शाखेचा कट्टर समर्थक. चौथी भूमिका वगळू नये. न काढलेल्या शाखेचीही किंमत असते. प्रत्येक भूमिकेशी स्वतंत्र संवाद करावा, म्हणजे एकीचे उत्तर दुसरीला दूषित करणार नाही. मगच सर्वांची उत्तरे एकमेकांसमोर ठेवून खंडन-मंडन घडवावे. कौटिल्याचा क्रम येथे तंतोतंत उपयोगी पडतो.

मात्र या साधनाचे दोषही त्याच्या घडणीतच आहेत. पहिला दोष खुशामतीचा. ही यंत्रे माणसांच्या पसंतीवरून घडवली जातात, आणि आपल्या मताला दुजोरा मिळालेला कोणाला आवडत नाही? एप्रिल २०२५ मध्ये चॅटजीपीटीची एक सुधारित आवृत्ती वाजवीपेक्षा अधिक हांजी हांजी करते म्हणून ओपनएआयला ती मागे घ्यावी लागली. त्यामुळे ‘आमचा असा विचार आहे, कसा वाटतो?’ असे विचारणे म्हणजे दरबारी भाटाला मत विचारणे होय. प्रस्ताव त्रयस्थाचा म्हणून मांडावा, आपला कल कळू देऊ नये.

दुसरा दोष याच्या उलट टोकाचा. केवळ ‘विरोध कर’ म्हटले की यंत्र आक्षेपांची न संपणारी माळ लावते. न्यायशास्त्राने चर्चेचे वाद, जल्प आणि वितंडा असे तीन प्रकार केले आहेत. वादाचा हेतू सत्यनिर्णय, जल्पाचा विजय. आणि स्वतःचा कोणताही पक्ष न स्थापता दुसऱ्याचा खोडत राहणे ती वितंडा. यंत्राचा वितंडवाद अथक असतो, कारण त्याला घरी जायचे नसते! म्हणून प्रत्येक भूमिकेकडून तीन गोष्टी मागाव्यात: तिचा स्वतःचा पर्यायी प्रस्ताव, तो ज्यावर उभा आहे ती आकडेवारी, आणि काय आढळल्यास ती आपले मत बदलेल ते. आकडे यंत्राने सांगितले म्हणून खरे मानू नयेत. ते बेमालूम खोटेही रचते. त्याने कोठे पाहावे हे सुचवावे, पाहणे संस्थेच्या दप्तरात व्हावे. सभासदांची नावे आणि खाती बाहेरच्या कंपनीच्या यंत्राला देऊ नयेत, हे तर २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यानंतर वेगळे सांगायला नको.

तिसरा दोष अधिक खोल आहे. चार भूमिका दिल्या तरी बोलणारे यंत्र एकच. कौटिल्याचा एकच मंत्री चार पगड्या बदलून आला, असे त्याचे स्वरूप होऊ शकते. त्याचे अज्ञान चारही पगड्यांखाली सारखेच राहते. निरनिराळ्या कंपन्यांची दोन प्रारूपे वापरली तर हे थोडे सौम्य होते, नाहीसे होत नाही. शिवाय बर्कले येथील मानसशास्त्रज्ञ शार्लन नेमेथ यांच्या संशोधनात असे आढळले की, नेमून दिलेला विरोधक हा मनापासून असहमत असलेल्या माणसाइतका गटाच्या विचारांना चालना देत नाही. सोंग आहे हे ऐकणाऱ्याला ठाऊक असते. यंत्राला तर हरण्याजिंकण्याचे सोयरसुतकच नाही. त्याची ठेव बुडत नाही.

आणि शेवटी ऐकणारा हवा. उलट मत मांडणारी शाखा इस्रायलमध्ये असतानाही ७ ऑक्टोबर २०२३ रोजी, पहिल्या घटनेला पन्नास वर्षे आणि एक दिवस होत असताना, तो देश पुन्हा गाफील सापडला.

म्हणून यंत्राच्या आक्षेपांचे पान बैठकीत नुसते वाटून भागणार नाही. बैठकीपूर्वी त्यांतील ज्याला जो आक्षेप खरोखर पटला असेल, त्या संचालकाने तो आपल्या नावावर घ्यावा, स्वतःच्या तोंडाने मांडावा. अध्यक्षांनी सर्वांत शेवटी बोलावे. इतिवृत्तात ठरावाबरोबर तो आक्षेप, तो मांडणाऱ्याचे नाव आणि त्याला मिळालेले उत्तर नोंदवावे, आणि वर्षाने शाखेचा ताळेबंद समोर येईल त्या बैठकीत तेच पान पुन्हा वाचावे.